कायदा-सुव्यवस्थेवरील तारांकित प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा पाठपुरावा कसा करावा?

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी माझे कापडाचे दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्या बाजारपेठेत एकापाठोपाठ दुकानफोडीचे प्रकार घडले. पोलिसांनी चित्रीकरण तपासायला घेतले तेव्हा असे उघड झाले की चौकाचौकांत बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांपैकी बरेचसे बंदच होते, आणि ते केव्हापासून बंद आहेत हे कोणालाच नीट सांगता येईना. व्यापारी संघटनेने स्थानिक आमदारांना निवेदन दिले, त्यांनीही मनावर घेऊन विधानसभेत तारांकित प्रश्न (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न) दिला. तो सभागृहात पुकारला जाईपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपला आणि लेखी उत्तर तेवढे पटलावर ठेवले गेले. गावाचे नाव वगळून प्रश्न आणि उत्तर दोन्ही खाली देतो.

“(१) ... शहरातील बाजारपेठेत बसविण्यात आलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांपैकी बहुतांश कॅमेरे बंद असल्याने चोरीच्या घटनांमध्ये वाढ झाली असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, या प्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय व त्यात काय आढळून आले. (३) असल्यास, तदनुसार कॅमेरे कार्यान्वित करण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

उत्तर असे : “(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) काही कॅमेरे तांत्रिक बिघाडामुळे बंद असून ते कार्यान्वित करण्याबाबत संबंधित यंत्रणेस कळविण्यात आले आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.”

याच सुमारास आमच्या भागातील एका खासदारांनी शहरांतील कॅमेऱ्यांविषयी लोकसभेत अतारांकित (फक्त लेखी उत्तर मिळणारा) प्रश्न विचारला होता. त्याच्या उत्तरात, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत, असे सांगून केंद्राने हात झटकले. मला राजकीय टीकाटिप्पणी नको आहे. या उत्तरातून नेमके काय हाती लागले, मंत्र्यांनी दिलेले उत्तर सरकारला किती बांधून ठेवते, आणि पुढच्या अधिवेशनात आमदारांना काय करायला सांगावे, एवढेच जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जुनी नस्ती

मंत्रालयात माझी बरीच वर्षे विधिमंडळाच्या कामकाजाची उत्तरे तयार करण्यात गेली, त्यामुळे हे उत्तर कसे तयार झाले असेल ते मी डोळे मिटून सांगू शकतो. प्रश्न मान्य झाला की विधानमंडळ सचिवालयाकडून तो विभागाच्या कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे) येतो. तेथून पोलीस महासंचालकांचे कार्यालय, मग परिक्षेत्र, मग जिल्हा पोलीस अधीक्षक, मग उपविभाग, आणि शेवटी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतील हा विषय आहे ते ठाणे, असा तो खाली उतरतो. मुद्देनिहाय अहवाल त्याच जिन्याने वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर त्यातील एखादे टोक घासले जाते. ठाण्याने “४० पैकी २६ बंद” असे लिहिले असेल, तर अधीक्षक कार्यालयात त्याचे “काही” होते. (आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे.) म्हणजे ज्या यंत्रणेच्या कामाविषयी प्रश्न आहे तिनेच दिलेल्या माहितीवर मंत्र्यांचे उत्तर उभे असते. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही, कारण त्या मुदतीत दुसरीकडून माहिती आणण्याची सोयच नसते.

आता आपल्या उत्तराकडे वळू. आपल्या आमदारांच्या पहिल्या उपप्रश्नात दोन विधाने एकत्र बांधली गेली आहेत. कॅमेरे बंद आहेत हे एक, आणि त्यामुळे चोऱ्या वाढल्या हे दुसरे. विभागाला पहिले नाकारता येत नव्हते आणि दुसरे कबूल करायचे नव्हते, म्हणून “अंशतः”. प्रश्नाची मांडणी सैल असली की उत्तर लिहिणाऱ्याला हे दार उघडे सापडते, आणि मीही ते कितीदा तरी वापरले आहे. चौथ्या उपप्रश्नाचे तर विचारूच नका. “नसल्यास, विलंबाची कारणे काय” हे शेपूट जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला जोडलेले असते, आणि कार्यवाही चालू आहे असे एकदा म्हटले की त्याचे उत्तर आपोआप “प्रश्न उद्भवत नाही” असे होते.

या उत्तरात मोलाचे शब्द आहेत ते “संबंधित यंत्रणेस”. तालुक्याच्या गावचे कॅमेरे बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, नगरपरिषदेच्या पैशातून किंवा व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून बसवले जातात. उद्घाटनाला सगळे असतात. वार्षिक देखभालीचा करार कोणी करायचा, विजेचे बिल कोणी भरायचे आणि डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) बिघडला तर तो कोणाच्या खर्चाने बदलायचा, हे मात्र कागदावर अनेकदा नसतेच. नगरपरिषद म्हणते की कॅमेरे पोलिसांकडे हस्तांतरित झाले, आणि पोलीस म्हणतात की आमच्याकडे त्यासाठी लेखाशीर्ष (खर्चाची अर्थसंकल्पी तरतूद) नाही. आपला प्रश्न गृह विभागाकडे गेला, पण पैशाची गाठ नगरविकास किंवा नियोजन विभागाकडे असू शकते. गृह विभागाने “कळविले” असे म्हणून आपली जबाबदारी संपवली आणि ज्याला कळवले त्याला सभागृहात कोणी काही विचारलेच नाही.

हा दोष लहान गावांपुरता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची शिफारस केली, त्यानंतर निविदा एकापेक्षा अधिक वेळा फसल्या, आणि सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचा प्रकल्प पूर्णत्वाने कार्यान्वित झाला तो २०१६ च्या ऑक्टोबरात. देशाच्या आर्थिक राजधानीला, एवढा हल्ला सोसल्यानंतर, आठ वर्षे लागली. तेव्हा आपल्या बाजारपेठेसाठी एका प्रश्नाने काम होईल अशी आशा धरू नये.

तोंडी उत्तराची गोष्ट मात्र वेगळी आहे. मंत्र्यांच्या हातातल्या फायलीत छापील उत्तराच्या कितीतरी पट जाड अशी पूरक टिपणी असते. सभागृहात पूरक प्रश्न कोठून येतील याचा अंदाज घेऊन आम्ही आकडे, तारखा, पत्रांचे जावक क्रमांक तीत भरून ठेवत असू, आणि त्यातूनही काही निसटले तर अधिकारी गॅलरीतून चिठ्ठी जात असे. ही सारी माहिती सरकारजवळ तयार असते, फक्त ती विचारली गेली तरच बाहेर येते. आपला प्रश्न पुकारलाच गेला नाही, म्हणून ती टिपणी जशी आली तशी नस्तीत (फायलीत) परत गेली. पुढच्या वेळी आमदारांनी लेखी उत्तराच्या आधारे अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी किंवा विषय ताजा असेल तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) लावावी, म्हणजे मंत्र्यांना उभे राहून बोलावे लागेल.

लोधी रोड

मी दिल्लीत एका खासदारांच्या कार्यालयात संसदीय प्रश्न तयार करण्याचे काम करतो. केंद्राने हात झटकले असे आपल्याला वाटले ते स्वाभाविक आहे, पण त्या उत्तराचा पहिला परिच्छेद वगळून पुढे वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे मी सुचवीन. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे, त्यामुळे गृह मंत्रालयाचे बहुतेक उत्तर याच वाक्याने सुरू होते आणि बहुतेक पत्रकार तिथेच वाचन थांबवतात. वास्तविक केंद्र पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी राज्यांना पैसा देते, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत आकडे गोळा करते, आणि निमलष्करी दले तर सर्वस्वी त्याच्याच ताब्यात आहेत. प्रश्न या तीन गोष्टींभोवती गुंफला तर केंद्राला राज्यांकडे बोट दाखवता येत नाही. अमुक योजनेतून महाराष्ट्राला कोणत्या वर्षी किती निधी मंजूर झाला, किती वितरित झाला आणि किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचे दाखले) आली, असे विचारले की उत्तरासोबत राज्यवार परिशिष्ट जोडावेच लागते. मंत्र्यांच्या भाषणापेक्षा ते परिशिष्ट शतपटीने बोलके असते.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित प्रश्नांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, बाकीची उत्तरे पटलावर ठेवली जातात. सामान्य माणसाला उपयोगी माहिती मात्र बहुतांशी अतारांकित उत्तरांतच दडलेली असते, आणि सुरक्षेच्या विषयावरील ही उत्तरे बहुधा गृह राज्यमंत्र्यांच्या नावाने येतात, गृहमंत्र्यांच्या नव्हे. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, तेव्हाही अतारांकित उत्तरे येत राहिली. मात्र समोरासमोर पूरक प्रश्न विचारण्याची सोय गेल्यामुळे सरकारला ते अधिवेशन फारच सुखाचे गेले, हे माझे वैयक्तिक मत.

उत्तर कोणत्या मंत्रालयाचे आहे ते आधी पाहावे, हेही आवर्जून सांगतो. पेगॅसस या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरचे प्रकरण गाजत असताना ९ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यसभेत लेखी उत्तर आले की संरक्षण मंत्रालयाने ते बनवणाऱ्या एनएसओ समूहाशी कोणताही व्यवहार केलेला नाही. अनेक ठिकाणी त्याची बातमी “सरकारने इन्कार केला” अशी झाली. उत्तर एका मंत्रालयापुरते होते आणि तेवढ्यापुरतेच ते वाचायला हवे होते, कारण गुप्तवार्ता विभाग त्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतच नाही.

आकड्यांचेही तसेच आहे. गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा वार्षिक अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, तर २०२३ चा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, म्हणजे “गेल्या तीन वर्षांची माहिती द्या” असे विचारले तरी मिळते ती जुनी तीन वर्षे. शिवाय एका प्रथम खबर अहवालात (एफआयआरमध्ये) अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा, असा त्यांचा नियम आहे. बलात्कार करून खून झाला तर तो मुख्य तक्त्यात खून म्हणून दिसेल. किनारा सुरक्षेच्या उत्तरांत देशाच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षे ७,५१६.६ किलोमीटर दिली जात होती, ती आता ११,०९८.८१ किलोमीटर झाली आहे. समुद्र वाढलेला नाही. अधिक बारीक नकाशावर खाड्याखाजणांची वळणे मोजली गेली, एवढेच. दोन वर्षांच्या उत्तरांची तुलना करताना किनाऱ्याच्या दर किलोमीटरमागे गस्ती नौका किती, असे गणित कोणी मांडले तर ते या एका बदलाने कोसळेल.

आणि सुरक्षेचे सर्वांत मोठे प्रश्न कित्येकदा प्रश्नोत्तरांच्या वाटेने येतच नाहीत. १३ डिसेंबर २०२३ रोजी प्रेक्षक सज्जातून दोघांनी लोकसभेत उड्या मारून पिवळा धूर सोडला, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी विरोधकांची मागणी होती. संसद संकुलाची सुरक्षा हा लोकसभा सचिवालयाच्या अखत्यारीतील विषय आहे, अशी भूमिका अध्यक्षांनी घेतली. गोंधळ वाढत जाऊन त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, आणि निलंबित सदस्यांनी दिलेले प्रश्नही यादीतून वगळले गेले. आपला खासदार बाहेर असला की आपल्या तालुक्याचा प्रश्नही बाहेर जातो, याची मतदारांना क्वचितच जाणीव असते.

मांडवीतीर

गोव्यात आम्ही या प्रश्नांना सरसकट “एलएक्यू” (लेजिस्लेटिव्ह असेम्ब्ली क्वेश्चन) म्हणतो आणि अधिवेशनाच्या काळात वर्तमानपत्रांची अर्धी पाने त्यांच्या उत्तरांवर भरतात. सभागृह ४० सदस्यांचे असल्याने प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोहोचण्याची शक्यता महाराष्ट्रातल्या २८८ जणांच्या सभागृहापेक्षा उघडच जास्त. गृह खाते मुख्यमंत्र्यांकडेच असल्यामुळे उत्तरही थेट त्यांच्याकडूनच येते. माझा अनुभव असा की आमचे आमदार “खरे आहे काय” या वळणाने न जाता तक्ता मागतात : पोलीस ठाणेनिहाय, वर्षनिहाय, तपास लागलेले आणि न लागलेले गुन्हे वेगळे. मग उत्तरात हो-नाहीला जागाच राहत नाही. आपल्याकडच्या प्रश्नांचा साचा एवढा चौकोनी का झाला, हे ‘जुनी नस्ती’ यांनी सांगितले तर आवडेल.

जुनी नस्ती

साचा सोयीमुळे टिकला आहे. प्रश्न बहुधा वर्तमानपत्रातील कात्रणावरून लिहिले जातात, आणि कात्रणातली बातमी “हे खरे आहे काय” या चौकटीत टाकली की पाच मिनिटांत प्रश्न तयार होतो. तक्ता मागायचा तर आधी काय मागायचे ते ठाऊक असावे लागते. मात्र फार मोठा तक्ता मागितला की माहिती गोळा करण्यास लागणारा वेळ व श्रम यांचे कारण देऊन प्रश्न मागे पडू शकतो, तेव्हा एका शहरापुरता, दोन-तीन वर्षांपुरता मागावा.

अर्जदार

मूळ प्रश्नातला “उत्तर सरकारला किती बांधून ठेवते” हा भाग मागे राहिला आहे, त्यावर लिहितो. मंत्र्यांनी “कार्यवाही करण्यात येईल”, “माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल” असे म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे आणि तेथे आश्वासनपूर्तीची अपेक्षित मुदत तीन महिन्यांची आहे. विधिमंडळातही तशी समिती आहे. पण आपल्याला मिळालेले उत्तर पाहा : “कळविण्यात आले आहे.” क्रिया भूतकाळात पूर्ण झाली, पुढचे वचन काहीच नाही. अशा वाक्यावर समितीला धरण्यासारखे फारसे काही उरत नाही.

तरीही एक वाट मोकळी आहे. ज्या पत्राने “कळविले” ते पत्र, त्याला आलेले उत्तर, आणि प्रश्नाच्या उत्तरासाठी पोलीस अधीक्षकांकडून आलेला मुद्देनिहाय अहवाल, या तीन कागदांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. उत्तर पटलावर ठेवण्यापूर्वी सभागृहाच्या विशेषाधिकाराचे कारण देऊन कलम ८(१)(ग) खाली नकार येऊ शकतो, पण उत्तर जाहीर झाल्यावर ते कारण लंगडे पडते. चोऱ्यांचा तपास चालू आहे असे सांगून कलम ८(१)(ज) पुढे केले जाईल. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले आहे की तपास चालू असणे एवढेच कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावे लागते. शिवाय कॅमेऱ्याच्या देखभालीचे पत्र आणि चोरीचा तपास यांचा संबंध लावणे कोणालाही अवघडच जाईल.

सभागृहातले निवेदन हा तपासाचा शेवट नसतो, याचे अलीकडचे उदाहरण परभणीचे. डिसेंबर २०२४ मधील हिंसाचारानंतर न्यायालयीन कोठडीत झालेल्या मृत्यूबाबत नागपूरच्या अधिवेशनात सरकारने पोलिसांकडून आलेल्या माहितीच्या आधारे निवेदन केले आणि न्यायालयीन चौकशीही जाहीर केली. पुढे जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. वरच्या प्रतिसादात वर्णन केलेला जिना तिथेही होताच.

एक सूचनाही करतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण १८ महिने जपण्याचे निर्देश दिले आहेत. आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, हेही याच प्रश्नात विचारून घ्यावे.

लोधी रोड

या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. ठाण्यातले कॅमेरे कोठडीतील माणसाच्या संरक्षणासाठी आहेत आणि बाजारातले कॅमेरे चोराला पकडण्यासाठी. दोन्ही एका प्रश्नात घातले तर एक तर प्रश्नाला कात्री लागेल, नाहीतर उत्तर पुन्हा “अंशतः” होईल. वेगळा प्रश्न द्यावा.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात टाकतो. आमदारांच्या स्वीय सहायकांशी बोलणे झाले, पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्नाचा मसुदा असा केला आहे, कृपया पाहावा.

“(१) ... नगरपरिषद हद्दीत सार्वजनिक ठिकाणी बसविण्यात आलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची एकूण संख्या, त्यांपैकी दिनांक ... रोजी चालू व बंद असलेल्या कॅमेऱ्यांची स्थळनिहाय संख्या व बंद असल्याचा दिनांक किती आहे; (२) सदर कॅमेरे कोणत्या निधीतून बसविण्यात आले व त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या आदेशान्वये कोणत्या यंत्रणेकडे सोपविण्यात आली आहे; (३) मागील अधिवेशनातील उत्तरात नमूद केल्यानुसार संबंधित यंत्रणेस कोणत्या दिनांकास कळविण्यात आले व त्यावर काय कार्यवाही झाली; (४) सर्व कॅमेरे कोणत्या दिनांकापर्यंत कार्यान्वित करण्यात येतील?”

जुनी नस्ती

मसुदा चांगला आहे, फक्त तीन दुरुस्त्या कराव्यात. पहिल्या उपप्रश्नात चालू-बंद कॅमेऱ्यांसाठी जो दिनांक टाकाल तो मागील उत्तर पटलावर ठेवल्याचाच दिनांक असू द्या, म्हणजे तेव्हा “काही” म्हणजे किती होते ते ठरेल. तिसऱ्या उपप्रश्नात मागील तारांकित प्रश्नाचा क्रमांक घालावा, नाहीतर कार्यासनावर नवीन माणूस आला असेल तर तो जुनी नस्ती शोधण्याच्या फंदात पडणार नाही. आणि हाच मजकूर दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या नावाने नगरविकास विभागालाही स्वतंत्रपणे पाठवावा. दोन विभागांनी एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन उत्तरे एकाच अधिवेशनात छापून आली, की लक्षवेधीसाठी आमदारांना वेगळे कारण शोधावे लागणार नाही.